गंगाक्कांचं दुसरं दार

मिस्त्रीकाम करणाऱ्याच्या चपलेतून वाळू घरी येते. किस्सेही तसेच येतात. कितीही झटकले तरी थोडे उरतातच. हे शिवप्पांच्या लातूरच्या घराचे; ते मी बांधलं.

भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती आणि क्लाससाठी बाहेरगावची पोरं लातुरात यायला लागली होती. शिवप्पांचं, म्हणजे अप्पांचं, किराणा दुकान होतं. घरात बायको गंगाक्का आणि मुलगा मन्मथ. बांधकाम होईतो तिघं त्याच प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहत.

*

अप्पा कोणाच्या वास्तुशांतीला गेले की त्यांचं घर महागायचं. औशाहून जेवून आले, स्वयंपाकाच्या ओट्याला ग्रॅनाइट ठरला. नांदेडला चुलतभावाकडे जेवले, हॉलला कमान ठरली.

अक्का मला म्हणाल्या, "मिस्त्री, ह्यांना आवरा. जेवण फुकट, पण घर लई महाग पडायलंय."

*

मन्मथला वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. त्यानं कागदावर एका खोलीत सहा खाटा बसवल्या आणि खुशीत आईला दाखवल्या.

अक्कांनी कागद नीट बघितला. "समदी पोरं एकदम उठून पळाली तर?"

"कशाला पळतील, आई?"

अक्कांनी कागदावरच्या एकुलत्या दारावर बोट ठेवलं. मन्मथनं पेन काढून दोन खाटा खोडल्या.

*

अक्कांचं माहेर औशाच्या पुढचं. भूकंपात त्यांची आई गेली. खोलीचं दार आत उघडणारं होतं. आतून दगडमातीचा ढीग दाराला टेकला आणि बाहेरून ढकलणाऱ्यांना ते उघडता आलं नाही. हे मला मन्मथनं सांगितलं. अक्का त्यावर कधी बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच मागितलं होतं, की निजायच्या खोलीला अंगणात जाणारं दुसरं दार हवं, आणि ते बाहेर उघडणारं.

सुतार हसला. "अक्का, दार बाहेर उघडलं तर पाहुण्याच्या कपाळाला लागंल."

"पाहुणा निजायच्या खोलीकडनं कशाला येईल?" अक्का म्हणाल्या.

सुतारानं दाराचं माप लिहून घेतलं.

*

खर्च फार वर गेला, तेव्हा काटछाट करायला सगळे वाळूच्या ढिगावर बसले. जो तो दुसऱ्याचं कापत होता.

अप्पा म्हणाले, "वरच्या न्हाणीला टाइल्स नगं."

मन्मथ म्हणाला, "मग कमान काढा."

"कमान घराची अब्रू हाय."

"पोरांना अब्रूवर आंघोळ घालू का?"

शेवटी कमान राहिली, टाइल्सही राहिल्या. गेलं ते अक्कांचं दार. अप्पा म्हणाले, "एका खोलीला दोन दारं कशाला?" अक्का चहाचे कप गोळा करून शेडमध्ये गेल्या.

*

वास्तुशांत झाली. लोकांनी कमानीचं कौतुक केलं. अप्पा आणि मन्मथ घरात निजायला लागले. अक्का नव्या ओट्यावर स्वयंपाक करायच्या, पण निजायला शेडमध्येच. कोणी बोलावलं तर म्हणायच्या, "मी हितं बरी हाय."

एक दिवस अप्पांनी मला बोलावलं. निजायच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं चौकोन काढला होता. "हितं दार पाड."

"अप्पा, रंग नवा हाय."

"रंगात झोपता येतंय का?"

बीमला धक्का न लावता मी भिंत फोडली. सुतारानं दार बसवलं, बाहेर उघडणारं. दुपारी अक्का शेडमधून चटई घेऊन आल्या. दार सताड उघडं ठेवून त्यांनी चटई त्याला लागून अंथरली आणि आडव्या झाल्या.

अप्पा पलंगावरची आपली उशी घेऊन आले.

"सरक जराशी," ते म्हणाले. "मलाबी त्या पलंगावर झोप येईना."