नऊ हातांची पडवी

गुंजवण्याच्या कोंडिबाला कुणाला काही विचारायची सवय नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नांगर धरायला तो कुणाला विचारून शिकला नाही, बैल पारखायला नाही, आणि घर वाढवायची वेळ आली तेव्हाही कुणाला विचारावं असं त्याच्या मनात आलं नाही. माणूस ताडमाड, आवाज खणखणीत, आणि एकदा तोंडातून आकडा गेला की तो बदलायचा नाही हा त्याचा बाणा. बाकी माणूस सोन्यासारखा.

साल असेल पस्तीस-छत्तीस. मुलुख भोर संस्थानचा. कोंडिबाची एकुलती लेक चंद्रा सारोळ्याला दिलेली, तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून फाल्गुनात कोंडिबा कापूरहोळवरून पायी सारोळ्याला गेला आणि सातव्या महिन्यात लेकीला न्यायचं बोलला. विहीण ठकुबाई बोलायला मोठ्या मऊ. त्यांनी आधी पोळीवर तुपाची धार सोडली, मग हळूच काढलं की तुमचं घर एकखणी, निम्म्यात बैल बांधलेले. आमच्या सुनेचं बाळंतपण काय बैलांच्या उशाला करणार? निराळी खोली असेल तर खुशाल न्या, नाहीतर इथंच करू.

लेक माहेरी आली नाही तर गाव काय म्हणेल हे तर होतंच, पण गावाचं एक वेळ जाऊ द्या, त्याला ती घरी हवी होती. लग्न होऊन तीन वर्षं झाली, त्यात ती सगळी मिळून पंधरा दिवस माहेरी राहिली असेल. त्यानं मान वर करून बसल्या जागेची खोली पाहिली. काय ऐसपैस खोली! वर माळवद, म्हणजे सपाट मातीचं छत. हात धुवायला उठला तसा भिंतीला कोपर लावत लावत त्यानं तिची रुंदी मोजून घेतली. नऊ हात भरली. अगदी अशीच खोली बांधतो, बोटभरही कमी नाही, असं विहीणबाईंना सांगून स्वारी निघाली.

घरी येऊन त्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा तोंडाला लावला नाही. पुढच्या भिंतीपासून नऊ हात मोजून खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. घराला पडवी काढायची आणि तीच बाळंतिणीची खोली करायची, असा बेत. सावळाराम सुतार आला, दोरीकडं पाहिलं आणि मटकन खालीच बसला. पाच हात कर, म्हणाला. कारण उघड होतं. पडवीचं छप्पर घराच्या वळचणीपासून खाली उतरणार, आणि आपल्याकडच्या पावसाला उतार हवा. दर हाताला छप्पर अर्धा हात खाली येतं. भिंत साडेपाच हात उंच. नऊ हात बाहेर गेलास तर पलीकडच्या कडेला उंची उरेल फक्त हातभर.

आता हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण कोंडिबाच्या डोळ्यांपुढं सारोळ्याचं माळवद होतं. तो म्हणाला, मग सपाटच करू. सावळारामनं शांतपणे सांगितलं की सारोळ्याला पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि आपल्याकडं चार महिने मुक्कामाला असतो. तुझं माळवद आषाढाच्या आत गुंजवणी नदीत जाईल. तरीही कोंडिबा हटेना. विहिणीला नऊ हात सांगितलेत, नऊच होणार. शेवटी सावळारामनं हात झाडले, तुझी पडवी अन् तुझंच डोकं म्हणाला, आणि कामाला लागला.

एवढे लांब वासे मिळवायला कोंडिबा आठ दिवस रानोमाळ कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटांतून फिरला. भिंतींना काटक्यांचे कूड विणले, शेणामातीनं लिंपले, कुंभाराकडून कौलं आली. वैशाख सरता सरता पडवी उभी राहिली. उभी म्हणायची खरी, पण घराकडून ऐटीत निघून पलीकडं ती जमिनीला टेकायलाच आली होती. पहिल्याच दिवशी कोंडिबा मोठ्या तोऱ्यात आत शिरला, चार पावलं गेला आणि वाशावर असा आदळला की वरची दोन कौलं सरकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आदळला, त्याच टेंगळावर. शेजारचा ज्ञानू रोज येऊन अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारायचा की यात मेंढरं ठेवणार का कोंबड्या. बायाबापड्या पाणी आणता आणता वाट वाकडी करून पडवी बघून जायच्या. जिला सगळ्यात जास्त बोलायचा हक्क होता ती सोजराबाई, कोंडिबाची बायको, तेवढी गप्प होती, आणि त्याचीच त्याला धास्ती होती.

अशात सारोळ्याचा निरोप आला. ठकुबाई स्वतः चंद्राला घेऊन येणार होत्या. खोली पसंत पडली तर सून ठेवणार, नाहीतर त्याच गाडीनं परत नेणार. कोंडिबाची भाकरीवरची वासना उडाली. एका सकाळी तो पहार घेऊन पडवीपुढं उभा राहिला. पाडून टाकतो म्हणाला. चंद्रा तिकडंच राहू दे, बाप तिचा नुसता बोलघेवडा निघाला. एवढा मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी होतं.

सोजराबाईनं त्याच्या हातातली पहार काढून घेतली.

"अवं, बाळंतीन काय उबी ऱ्हाती व्हय?" ती म्हणाली. "निजायला उची कशाला लागती?"

मग तिनं कारभार हातात घेतला. उंच बाजूला, भिंतीलगत चूल आणि पाण्याचा रांजण. पार पलीकडच्या सखल बाजूला जमीन सारवून त्यावर गवत, गवतावर घोंगडं, वर चार गोधड्या. मधे शेगडी. छप्पर इतकं खाली की शेगडीची ऊब तिथून हलायचं नावच घेईना. कोंडिबा हे सगळं दारातून वाकून बघत होता. तिसऱ्यांदा आदळायची त्याची तयारी नव्हती.

ज्येष्ठ लागता लागता गाडी आली. कोंडिबाच्या नशिबानं ठकुबाई बुटक्या होत्या. इतका वेळ हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या ताठ मानेनं खोलीत बऱ्याच आतपर्यंत चालत गेल्या, मग वाकल्या, मग बसल्या, गोधड्या चाचपल्या, शेगडीजवळ हात धरला. मग गाडीवानाला हाक मारून त्यांनी चंद्राचं गाठोडं उतरवायला सांगितलं. जाताना त्यांनी कोंडिबाच्या कपाळाकडं पाहिलं, पण काही विचारलं नाही. मऊ बोलणारी बाई, खरंच.

श्रावणात पाऊस कोसळत असताना चंद्राला मुलगी झाली. सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटेपर्यंत पुरुषमाणसानं आत जायचं नसतं, म्हणून कोंडिबा बारा दिवस दाराशी घिरट्या घालत होता. तेराव्या दिवशी तो आत गेला. आधी वाकून, मग गुडघ्यांवर, मग चक्क रांगत. लेक आणि नात गोधडीत गुरफटून पडल्या होत्या. त्याला फार ओशाळल्यासारखं झालं.

"उची हुकली, पोरी," तो म्हणाला. "पावसाळा सरला की छप्पर वर घेतो."

"नगा घेऊ, आबा," चंद्रा म्हणाली. "सासरची खोली उच हाय, पर तितं मी दिसभर उबीच आसती. हितं उबंच ऱ्हाता येत न्हाई. कुनी ऊठ म्हनत न्हाई."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. कोंडिबानं शेगडीतले निखारे जरा सारखे केले आणि तिच्या पायांवरची गोधडी नीट केली. बाहेरून सोजराबाई दोनदा हाका मारून गेली, बैल सोडायचे राहिले होते. तो तसाच गुडघे मुडपून लेकीच्या पायाशी बसून राहिला.