भातावर चालणारा कॉम्प्युटर

विषय : कॉम्प्युटर केशव यास नोकरीत कायम करणेबाबत.
संदर्भ : त्याचाच अर्ज, व त्यानंतरची स्मरणपत्रे.

मोठ्या ऑफिसात फायली साचतात, लहान ऑफिसात किस्से. आमचं ऑफिस फारच लहान होतं. पन्नासच्या दशकात, आलापल्लीच्या सागवानात, एका रिकाम्या सरकारी बंगल्यात. विमानाच्या पंखावरून जाणारा वारा कुठे घुसळून निघतो, भोवरे कसे धरतो, याची आकडेमोड तिथे चाले. विमान आमच्यापैकी कुणी जवळून पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी तेवढं एकदा, तेही उभं असलेलं.

आकडेमोड हँडलच्या यंत्रावर होई. यंत्राला म्हणत मशीन, आणि हँडल फिरवणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर. ते पदाचं नाव होतं. सावली गावचा केशव हा आमचा एकुलता कॉम्प्युटर, हंगामी. मी कारकून. केशवचं लग्न कुरखेड्याला ठरत आलं होतं. मुलीच्या वडिलांची अट एकच : आधी नोकरी कायम व्हावी.

*

साहेबांनी बंगल्यावर पाटी लावली : ‘अशांत प्रवाह संशोधन’. थोड्याच दिवसांत हवालदार आला.

“इथी अशांत कोन आहे?”

“हवा,” साहेब म्हणाले.

“ते कुठी राह्यते?”

साहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. हवालदारानं बराच वेळ तिकडे पाहिलं.

केशवच्या चारित्र्य-पडताळणीत शेरा आला : ‘इसम अशांततेच्या कामी मदत करतो.’ अर्ज परत.

*

मग मुलीचे वडील स्वतःच बघायला आले. सबंध दुपार बाकावर बसून केशवचं हँडल फिरवणं पाहत राहिले.

“काऊन हो बाबू, यातून निघते काय?” त्यांनी मला विचारलं.

“आकडे.”

“मंग त्या आकड्याचं काय करता?”

“पुन्हा मशीनमध्ये घालतो.”

ते उठले. “पोरगा मेहनती आहे,” म्हणाले. “कायम झाला का मले सांगजा.”

*

केशवनं पुन्हा अर्ज केला. तोवर ‘कॉम्प्युटर’ याच नावाचं विजेवर चालणारं यंत्र परदेशात निघाल्याची बातमी वरच्या ऑफिसात पोचली होती. उत्तर आलं : ‘कॉम्प्युटर कायम बसवण्यापूर्वी तो किती व्होल्टवर चालतो, व दमट हवेत बिघडतो काय, ते कळवावे.’

आमच्या बंगल्यात कंदील होते.

“लिहा बाबू,” केशव म्हणाला. “जे खरं आहे तेच लिहा.”

मी लिहिलं : ‘वीज लागत नाही. दोन वेळच्या भातावर चालतो. दमट हवेत सर्दी होते.’ साहेबांनी न वाचता सही केली.

काही दिवसांनी पार्सल आलं. आत जाड खाकी कापडाचं कव्हर, माणूसभर उंचीचं. सोबत सूचना : ‘वापरात नसताना कॉम्प्युटर झाकून ठेवावा.’

केशव ते कव्हर घेऊन कुरखेड्याला गेला, सोबत मी. मुलीच्या वडिलांनी कापड उलटसुलट करून पाहिलं, सरकारी शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“सरकार ज्याले झाकून ठेवते, त्याले फेकत नाई,” ते म्हणाले. “तारीख काढा.”

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. अर्ज विचाराधीन आहे.