दुसऱ्या जागेचा तक्ता

आमच्या माती परीक्षणाच्या ऑफिसात कोऱ्या पानापासून अहवाल कुणीच लिहीत नाही. जुन्या कामाची फाइल उघडायची, नव्या नावानं सेव्ह करायची आणि आत शिरून बदलाबदली सुरू करायची. मालकाचं नाव, तारीख, नकाशा, मातीचे थर, प्रयोगशाळेतले आकडे. बाकी प्रस्तावना, शिफारशींची भाषा आणि शेवटची जबाबदारी झटकणारी दोन पानं वर्षानुवर्षं तशीच चालत आलेली. सिडकोतल्या या ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा मला याचा राग यायचा. दोन वर्षांत मीच त्यात सगळ्यांत तरबेज झाले.

भीती एकाच गोष्टीची असायची, ती म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव आत कुठेतरी राहून जाण्याची. एकदा एका दवाखान्याच्या अहवालात सातव्या पानावर मंगल कार्यालयाचं नाव तसंच राहिलं आणि साहेबांनी सगळ्यांसमोर आमची खरडपट्टी काढली. तेव्हापासून मी संगणकाला जुनं नाव शोधायला लावायचे, जिथे सापडेल तिथे नवं टाकायचे आणि आता काही सापडत नाही असं दिसलं की निर्धास्त सही करायचे. सहीचा अधिकार मला नुकताच मिळाला होता. खरं सांगायचं तर तो मिरवायला मला फार आवडायचं.

त्या वर्षी होळीच्या आधी सायखेड्याच्या पुढच्या, गोदाकाठच्या एका गावातून शाळेचं काम आलं. इमारत दोन मजली होणार होती. जुन्या खोल्या पाडून झाल्या होत्या आणि मुलं देवळाच्या सभामंडपात बसत होती. आमच्या माणसांनी जागेच्या एका कोपऱ्यात थर पाहायला बोअर घेतलं, नमुने आणले. मी गंगापूर रोडच्या एका सोसायटीची फाइल उघडली, शाळेच्या नावानं सेव्ह केली, चौदा ठिकाणी नाव बदललं आणि सही ठोकली.

महिन्याभरानं ठेकेदाराचा फोन आला. "मॅडम, तुमच्या अहवालात पाच फुटांवर मुरूम लिहिलाय. आम्ही आठ फूट खाली आलो, अजून काळीच माती लागतीय."

मी ड्रॉवरमधून जागेवरचा कागद काढला. बोअरवाल्यानं चिखलाच्या बोटांनी पेन्सिलीनं लिहिलेला. वरपासून साडेतीन मीटरपर्यंत काळी माती, खाली पाया टेकवण्याजोगा मुरूम. म्हणजे अकरा फुटांच्याही खाली. मग अहवाल उघडला. थरांच्या तक्त्यात दीड मीटरवर मुरूम होता. तो तक्ता सोसायटीचा होता. मी नाव शोधत बसले आणि तक्त्यात नाव कुठेच नव्हतं, म्हणून तो जसाच्या तसा राहिला.

ठेकेदार अजून फोनवरच होता. उलट तोच मला धीर द्यायला लागला. "तुम्ही टेन्शन नका घेऊ. तळाला दगडाचं सोलिंग टाकतो, परवा सकाळी काँक्रीट ओततो. अहवाल हाय ना आपल्याकडं. उद्या कुणी विचारलंच तर कागद दाखवू."

काळी माती काय करते ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. नामपूरला आमचं घर तिच्यावरच उभं होतं. पावसाळ्यात ती फुगायची आणि मधल्या खोलीचं दार चौकटीत बसायचं नाही. उन्हाळ्यात भिंतीला अशी तिरपी भेग पडायची की आई त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून चुना फासायची. ते बैठं घर होतं, भोगलं आम्ही. इथे वरच्या मजल्यावरही वर्ग भरणार होते.

"परवा काही ओतायचं नाही," मी म्हणाले. "मी येईपर्यंत काम बंद."

"मिक्सर सांगून ठेवलाय मॅडम!"

"नको म्हणून सांगा त्याला."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांनी आयुष्यात एकही अहवाल मागे घेतलेला नव्हता. म्हणाले, "पुरवणी अहवाल पाठव. प्रत्यक्ष खोदकामात परिस्थिती वेगळी आढळली, असं लिही. विषय संपला."

"परिस्थिती वेगळी कुठे होती, साहेब? आपल्या माणसानं बरोबरच लिहून आणलं होतं. तक्ता चुकलाय."

"ते लोकांना कशाला सांगायचं?"

"कारण उरलेला अहवालही त्याच हातानं लिहिलाय. एक पान बदललं तर बाकीच्यावर ते विश्वास ठेवतील. मला सगळाच परत तपासायचाय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सही तुझी आहे. रद्द झाला तर तुझ्या नावावर होईल. आणि मग वर्षभर तरी मी तुला सही करू देणार नाही, हे आत्ताच सांगतो."

मला रडू आलं, ते मी आवरलंही नाही. पण त्यांच्यासमोर बसूनच पत्र टाइप केलं. आधीचा अहवाल रद्द समजावा, त्यातला थरांचा तक्ता दुसऱ्या जागेचा होता, चूक माझी आहे. तीन ओळी. असलं पत्र कुठल्याच जुन्या फाइलीत नव्हतं, त्यामुळे ते पहिल्या शब्दापासून मलाच लिहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र आणि बोअरवाल्याचा कागद घेऊन मी गावात गेले. सरपंच पन्नाशीच्या एक बाई होत्या, घरची कांद्याची शेती. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"म्हंजी पाया आणखी खाली न्यावा लागंल?"

"हो. नकाशेही बदलावे लागतील. जूनपर्यंत शाळा होणार नाही."

"मी समद्या गावाला जूनचा शब्द दिलाय, मॅडम."

"मला माहीत आहे."

त्या खूप चिडतील, चार शब्द सुनावतील, अशी तयारी मी केली होती. त्याऐवजी त्यांनी माझ्या हातातल्या चिखलाच्या कागदाकडे बोट दाखवलं. "आन् हे? हे तरी आमच्याच जागेचं हाय का?"

याला तोंडी उत्तर देऊन उपयोग नव्हता. मी जेसीबीवाल्याला बोअरच्या शेजारचा खड्डा उतरत्या कडा ठेवून आणखी खोल न्यायला सांगितलं. अकरा फूट उलटेपर्यंत बकेटमधून काळीभोर ढेकळंच येत राहिली. मग पिवळसर, खरखरीत मुरूम वर आला. शिडी लावली. मी टेप घेऊन उतरणार तेवढ्यात सरपंचबाईंनी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "थांबा, मी बी येते."

खाली गेल्यावर मी टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. काळी माती संपते तिथे त्यांनीच ते बोटानं दाबून धरलं. वर ठेकेदारानं दुसरं टोक धरून आकडा वाचला, अकरा फूट पाच इंच. मी परत मोजायला लावलं. परत तेवढंच आलं. तो आकडा मी तिथेच कागदावर लिहिला, खाली सही केली नाही, फक्त मोजणाऱ्यांची नावं घातली. पहिलं त्यांचं.

त्यांनी मुरमाचा एक खडा उचलून हातात चोळून पाहिला. मग माझ्याकडे बघत, आवाज न चढवता म्हणाल्या, "मॅडम, वरचं समदं आम्हाला दिसतं. भिंत वाकडी असली तर म्हातारं माणूस बी सांगंल. हे खालचं दिसत नाय, म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं."

आजवर साहेबांनी मला कितीतरी सुनावलंय, पण इतकं मला कधी लागलं नव्हतं. नुसत्या माफीनं भागणार नव्हतं. चुकीची कबुली पत्रात होतीच, ती त्यांनी दोनदा वाचलीही होती. शिडी चढून मी वर आले, नकाशा उघडला आणि जेसीबीवाल्याला शाळेचे उरलेले तिन्ही कोपरे दाखवले. "इथेही खोदायचं. आणि तिथे. आणि तिथे."

सरपंचबाई टेप गुंडाळत माझ्यामागे आल्या.