माझ्या डोळ्यांना बसणारी दुर्बीण

एडिनबरामध्ये मी भूलतज्ज्ञ होते. ज्या सर्जनबरोबर माझं सगळ्यात जास्त काम असायचं, ते साठीच्या जवळ आलेले, मूळचे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचे. दर हिवाळ्यात ते आठवडाभर रजा टाकून हरणांच्या शिकारीला जात. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्यांना ऑपरेशन थिएटरच्या कॉफीरूममध्ये सरळ विचारलं, की दिवसभर माणसं वाचवायची आणि सुट्टीत हरणं मारायची, हे जमतं कसं? ते रागावले नाहीत. लांडगे संपले त्याला कितीतरी पिढ्या झाल्या, हरणं वाढतात, कोवळी झाडं खाऊन टाकतात आणि थंडीच्या शेवटी स्वतःच उपाशी मरतात, असं त्यांनी मला नीट समजावलं. तिथल्या प्रत्येक इस्टेटीला, म्हणजे खाजगी मालकीच्या डोंगर-रानाला, दर हिवाळ्यात काही माद्या कमी कराव्याच लागतात. मग म्हणाले, "इथे बसून पटणार नाही. एकदा येऊन बघ."

मी पुण्यात शाकाहारी घरात वाढलेली. तिकडे गेल्यावर चिकन खायला लागले होते, तेवढीच माझी मजल. पण बघायला काय हरकत, म्हणून गेले.

त्या पहिल्या दिवशी मला एकही हरीण दिसलं नाही. सोबत इस्टेटीवरचा वाटाड्या होता, चाळिशीचा, अबोल माणूस. कुठल्या मादीवर गोळी झाडायची ते तो ठरवणार आणि सर्जन झाडणार, अशी पद्धत. तो डोंगराच्या उतारावर बोट दाखवायचा, सर्जन मान डोलवायचे आणि मी त्यांच्या वडिलांची जुनी, दगडासारखी जड दुर्बीण डोळ्यांना लावून बघायचे. दोन्ही बाजूंना काळ्या चंद्रकोरी आणि मधे तपकिरी रंगाचा थरथरता पट्टा, एवढंच दिसायचं. दिसलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. पुन्हा दाखवलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा वाटाड्या हळूच म्हणाला, "जाऊ दे, आता गेली ती."

तो चांगुलपणानेच म्हणाला, पण ते मला फार लागलं.  शिकार बरी की वाईट हा प्रश्न बाजूलाच राहिला. ज्याच्याबद्दल मी एवढी तावातावाने बोलले होते ते मला धड दिसलंसुद्धा नव्हतं. मी ठरवलं, पुढच्या हिवाळ्यात परत जायचं, आणि या वेळी दिसलंच पाहिजे.

माझा नवरा तिथल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. वस्तू घ्यायची म्हटली की त्याचा उत्साह दुप्पट व्हायचा. त्याने दोन रात्री इंटरनेटवर वाचून निकाल दिला, की बारापट मोठं दाखवणारी घे, आठपटवाली कशाला? मलाही ते पटलं. जितकं मोठं तितकं बरं, यात चुकण्यासारखं काय होतं?

पुढचा हिवाळा लागल्यावर एका शनिवारी दोघं दुकानात गेलो. जुनं दुकान, काचेच्या कपाटांत ओळीने दुर्बिणी. दुकानदार नीटनेटका, टाय लावलेला. शिकारीसाठी हवी म्हटल्यावर त्याने नवऱ्याकडे बघितलं. मला हवी आहे म्हटल्यावर त्याने एक तळहाताएवढी छोटी दुर्बीण काढली आणि ही बायकांना हलकी पडते म्हणाला. मी ती लावून बघितली. उजेडात छान दिसत होतं, पण एवढ्याशा काचांतून संध्याकाळी काही दिसलं नसतं. मी ती परत ठेवली आणि मोठ्या दाखवा म्हणाले.

बारापटवाली हातात घेतली आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखली. अक्षरं मोठी दिसली खरी, पण नाचत होती. माझा हात थरथरणारा नाही. बारीक शिरेत सुई घालणं हे माझं रोजचं काम. तरी अक्षरं नाचत होती. मग लक्षात आलं, की माझ्या श्वासाबरोबर, अगदी नाडीबरोबर ती हलतायत. बारापटीने मोठं दिसायचं म्हणजे माझं हलणंही बारापट. डोंगर चढून धापा टाकत बसल्यावर तर काहीच दिसणार नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, तू धरून बघ. त्याने बघितलं आणि मुकाट्याने खाली ठेवली.

मग आठपटवाल्या. त्यांत चित्र बरंच स्थिर राहायचं आणि डोंगराचा रुंद तुकडा एकदम दिसायचा. पण काळ्या चंद्रकोरी इथेही होत्या. मी एकामागून एक पाच-सहा लावून पाहिल्या. दुकानदार म्हणाला, सवय होईल. मला ते खरं वाटेना. मी चष्मा काढून पाहिलं, परत लावून पाहिलं. दुर्बिणीच्या दोन नळ्या बिजागरीवर जवळ आणायच्या असतात. त्या मी पार टोकापर्यंत मिटवल्या तरी माझ्या डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्तच लांब राहत होत्या. मी दुकानदाराकडे पट्टी मागितली आणि नवऱ्याला माझ्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला लावलं. ते बरंच कमी निघालं. त्या सर्जनच्या वडिलांच्या दुर्बिणीतून मला आयुष्यात कधी नीट दिसलं नसतं. ती रुंद चेहऱ्याच्या माणसासाठी बनवलेली होती.

मला हसू आलं आणि रागही आला. वर्षभर मी समजत होते की मलाच बघता येत नाही.

दुकानदाराचा चेहरा बदलला. आता तोही कामाला लागला. नळ्या जास्त जवळ येणाऱ्या चार दुर्बिणी त्याने आतून शोधून आणल्या. चष्मा लावून पूर्ण गोल दिसतो का, ते बघून दोन बाद झाल्या. उरलेल्या दोन मला सारख्याच वाटत होत्या. मी म्हटलं, दुकानातल्या दिव्याखाली मला काही ठरवता येणार नाही, मला अंधार पडताना बघायचंय. हरणं दिवस मावळताना बाहेर येतात ना?

तो जरा घुटमळला. नवरा माझ्या कोपराला हात लावून चल म्हणत होता, पार्किंग संपत आलं होतं. मी हलले नाही. शेवटी दुकानदार म्हणाला, हिवाळ्यात इथे अंधार लवकरच पडतो, चार वाजता या, मी स्वतः तुमच्याबरोबर बाहेर उभा राहीन.

चार वाजता आम्ही दुकानाच्या दारात उभे होतो, दुकानदार कोट घालून आणि मी हातमोजे घालून, कारण डोंगरावर हातमोज्यांतूनच दुर्बिणीचं फोकसचं चाक फिरवायचं होतं. पाऊस भुरभुरत होता. समोरच्या चर्चच्या बाजूला एक काळोखा बोळ होता, त्यात कचऱ्याचे डबे आणि एक लोखंडी जिना. साध्या डोळ्यांना तिथे नुसता काळोख. पहिल्या दुर्बिणीतून जिना दिसला. दुसरीतून जिन्याच्या पायऱ्या मोजता आल्या, आणि एका डब्यावर मांजर बसलेलं दिसलं. मी पुन्हा पहिली लावली. तीतही मांजर होतं, पण तिथे आहे हे माहीत असल्यामुळेच सापडलं. मी दुसरी घेतली. तिची काचेवरची झाकणं चालताना एकमेकांवर आपटून वाजत होती, ती मी घरी जाऊन शिवणाच्या इलॅस्टिकने बांधून टाकली.

मग मी सराव केला. घराजवळच्या टेकडीवर रविवारी जाऊन बसायचं, समोरचा उतार डावीकडून उजवीकडे एकेक पट्टा करून हळू वाचत जायचं. माणसं मला पक्षीवाली समजायची. हरीण पूर्ण दिसत नाही, त्याचा तुकडा दिसतो, हे सर्जननी सांगितलेलं होतं. आडव्या रेषेत एखादी पाठ, गवतात पाय. तिथे हरणं नव्हती, पण मेंढ्या, ससे, कुत्रे मला तुकड्यांवरून ओळखता यायला लागले.

त्या जानेवारीत आम्ही तिघं पुन्हा त्याच डोंगरावर होतो. दुपारी पहिली हरणं मीच दाखवली. दूरच्या कड्याखाली सहा-सात, दगडांच्या रंगाची. वाटाड्याने दुर्बीण लावून खात्री केली आणि त्या दिशेने निघाला. मला आत कुठेतरी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्यांच्याजवळ पोचेपर्यंत ती पांगली होती. ओढ्याकाठी एकच मादी चरत होती, मोठी, हाडं वर आलेली. वाटाड्याने आम्हाला आडवं पाडलं. तो आणि सर्जन हेदरच्या ओल्या झुडपांमधून पोटावर सरकत पुढे गेले. मला थोडं मागे, जरा उंच जागी थांबायला सांगितलं होतं. उजेड उतरत होता. मी दुर्बीण लावली. मादीच्या नाकपुडीतून निघणारी वाफसुद्धा दिसत होती. वाटाड्याने मान हलवली. त्या खुणेचा अर्थ मला माहीत होता: एकटी आहे, पाडस नाही, चालेल. सर्जन बंदुकीमागे स्थिर झाले.

मी सवयीने तिच्याभोवतीचा उतार वाचत होते. तिच्या मागे दलदलीची एक खाच होती. पुढे पडलेल्या त्या दोघांना ती दिसणं शक्य नव्हतं. त्या खाचेत, सुकलेल्या गवतात, काहीतरी हललं. मी चाक एक केसभर फिरवलं. कान होता. मग कानाखाली कपाळ, आणि एक डोळा.

पुढचं सगळं मला एकदम कळलं. पाडसाची आई मारायची तर आधी पाडस मारायचं, हा तिथला नियम सर्जननी मला पहिल्या वर्षीच सांगितला होता. आईवाचून ते हिवाळा काढत नाही. बर्फात आठवडाभर झुरून मरतं. मी बोलले नाही तर एक गोळी, आणि पाडस उठून पळून जाईल, निदान आज. बोलले तर दोन गोळ्या, आणि पहिली त्याला. दोघांनाही सोडून देतील अशीही एक आशा होती, पण त्या मादीची हाडं मला दिसत होती, अशा अशक्त माद्याच आधी निवडतात, आणि ते सोडणार नाहीत हे मला कळत होतं.

मी सरपटत खाली गेले आणि वाटाड्याच्या बुटाला हात लावला.

"मागच्या खाचेत पाडस आहे," मी कुजबुजले.

त्याने सर्जनच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. माझ्याबरोबर मागे आला, माझ्या जागी पडून त्याने बराच वेळ बघितलं.

"कुठे?"

"पांढऱ्या दगडाच्या डावीकडे. कान बघा."

आणखी थोडा वेळ. मग त्याने श्वास सोडला. "आहे," म्हणाला. सर्जनना त्याने खुणेने वर बोलावलं. तिथून दोघंही दिसत होती. सर्जननी बंदूक लावण्याआधी एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. तू नको बघू, असं ते म्हणत होते बहुतेक. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. मीच सांगितलं होतं, तर मलाच बघायला हवं होतं.

पहिल्या गोळीनंतर पाडस बसल्या जागी राहिलं, नुसती मान टेकली. मादी दचकून दोन उड्या पुढे गेली, थांबली आणि वळून खाचेकडे बघायला लागली. दुसऱ्या गोळीनंतर तीही लगेच पडली. दोघांनाही वेदना कळायला वेळ मिळाला नाही. हे मी मनाची समजूत घालायला म्हणत नाही. भूल देणाऱ्या माणसाला तेवढं बघता येतं.

खाली उतरताना मी पाडसाचे मागचे पाय धरले. कोणी मला सांगितलं नव्हतं. वाटाड्या म्हणाला, "तुम्ही बोललात ते बरं झालं." एवढंच.  गाडीत सर्जन म्हणाले, "पाडसाच्या वेळी मला अजूनही जड जातं. आणि आज तर ते मला दिसलंही नसतं."

"मला वाटलं होतं तुम्हाला सवय झाली असेल."

"नाही," ते म्हणाले. "झाली असती तर मी बंदूक ठेवून दिली असती."

घरी आल्यावर नवऱ्याने कसं झालं विचारलं. मी सगळं सांगितलं, कानापासून. ऐकताना त्याने चहा टाकला, तो उकळून उकळून कडू झाला, आणि आम्ही तोच प्यायलो. मी रडले थोडी. त्याने वाट पाहिली आणि मग विचारलं, परत जाणार का?

"जाणार," मी म्हणाले.

त्याला ते आवडलं नाही, हे मला दिसत होतं. पण तो वाद घालत बसला नाही. पुढे कितीतरी हिवाळे मी गेले, सर्जन निवृत्त झाल्यावरही. बंदूक कधी हातात घेतली नाही, कोणी देऊ केली तरी. वाटाड्या मला उंच जागा निवडून द्यायचा आणि मी आजूबाजूचा उतार वाचत बसायचे. कधी पाडस सापडायचं, तेव्हा मी सांगायचे. कधी दुसरीच, म्हातारी मादी दिसायची, तेही सांगायचे. महाराष्ट्र मंडळातल्या दिवाळीला एकदा एका ओळखीच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, अगं डॉक्टर असून तुला हे बघवतं कसं?

मी त्यांना म्हटलं, "बघवत नाही काकू. पण बघते."

त्यांनी माझ्या ताटात एक चकली वाढली आणि विषय बदलला.