अर्धा चौक
भिजवून वाटलेल्या तांदळाचा वास आला की मला जागेवर बसवत नाही. मिठाच्या चळवळीच्या वर्षी मी रेवदंड्याहून वाळू तुडवत नागावच्या अलीकडच्या एका आगरी वाडीत गेले होते. संध्याकाळच्या मोर्चाला तिथली एक तरी बाई आणीन, असा शब्द मी देऊन बसले होते. पण वाडीत उद्याच्या लग्नाची घाई होती. बाया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकाची नक्षी लिहीत होत्या, आणि लग्नाचे धवले गाणारी म्हातारी मधोमध बसली होती. मी पत्रक उघडून घोड्यावरून लढलेल्या राणीची गोष्ट तावातावाने सांगितली. म्हातारीने मान न वळवता विचारलं, “बाय, तुज्या रानीचं लगीन कोनी लावलं?” “भटजींनी,” मी म्हणाले. “हितं मी लावतंय, धवले गाऊन.” बाया खुदखुदल्या. माझं पत्रक आपोआप मिटलं. “येतंय मोर्चाला,” ती म्हणाली, “पन अर्धा चौक टाकून उठायचं न्हाय. येरझारा नको घालू, हात चालव.” तिने पिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. ऊन उतरत होतं आणि माझ्या रेघा वाकड्या जात होत्या. शेवटचा ठिपका पडताच ती उठली आणि पिठाच्या हातांनी अशी चालत सुटली की मोर्चा गाठेपर्यंत मी तिच्यामागून धावत होते. त्या राणीवर आजही मी एका बैठकीत चार पानं लिहिते. म्हातारीवर लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीला उठून येरझारा घालू लागते, कारण तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.