भाऊजींचे लफंगे

अख्ख्या अमरावतीत लफंग्यांवर माझ्या भाऊजींइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि लफंगेगिरी त्यांच्याइतकी कुणाला कमी जमली नसेल. कॉलेजात त्यांनी उभा जन्म साहित्य शिकवलं, पण जीव अडकला तो पिकारेस्क कादंबरीत. घरी पाहुणा टेकला रे टेकला की हे सुरू: "सोपं हाय ना बापा! स्पेनात जन्मलेला प्रकार. नायक गरीब, ना घर ना दार. आज या मालकाकडे, उद्या त्या. पोटासाठी थापा मारते, पण मनानं खराब नसते. कथानक म्हणशील तं नाहीच, एका भानगडीतून दुसरीत. अन् सांगते सारं स्वतःच. खरं किती धरायचं, ते तू पाह्य. त्याच्या नजरेनं पाह्यलं की मोठेमोठे इज्जतदार त्याच्याहून लफंगे निघतात!" स्वतः मात्र रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबणार. माझी ताई म्हणते, "यायच्यानं बाजारात फुकटची कोथिंबीर बी मागवत नाही!"

तीन-चार हिवाळ्यांपूर्वी अकोल्यात त्यांचं याच विषयावर व्याख्यान होतं. मी अकोल्याचाच, त्यामुळे पहिल्या रांगेत बसलो होतो. वक्त्यांचा मात्र पत्ता नाही. झालं असं, की बडनेऱ्याला गाडीत त्यांच्यासमोर एक हसरा माणूस येऊन बसला. त्यानं आपली कहाणी सुरू केली. आधी म्हणे सेमाडोहच्या जंगलात तो पर्यटकांना वाघ दाखवायचा, म्हणजे वाघ नुकताच गेलेली जागा दाखवायचा. मग अंजनगावात केळीच्या व्यापाऱ्याकडे राहिला, मग चांदूर रेल्वेत एका डॉक्टरकडे, तिथे डॉक्टर नसले की हाच डॉक्टर. पुस्तकातला नायक साक्षात समोर! भाऊजी बूट काढून, मांडी घालून "मंग?" "मंग?" करत राहिले. अकोला कधी मागे पडलं, कळलंच नाही. शेगावला भानावर आले, तेव्हा तो माणूस उतरून गेला होता, भाऊजींचे नवे बूट घालून.

उलटी गाडी पकडून ते अनवाणी सभागृहात शिरले, तेव्हा निम्मे लोक उठून गेले होते. उरलेल्यांना त्यांनी व्याख्या सांगितलीच नाही. गाडीतली हकिकतच त्या माणसाच्या आवाजात सांगितली. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. एकानं विचारलं, "सर, पोलिसात तक्रार नाही दिली?"

"काहून? त्याले चालाचं हाय. मी तं बसूनच राहतो."

रात्री जेवताना मला हळूच म्हणाले, "सोळा वर्साचा असताना मीबी पळालो होतो घरातून. भूक लागली, अन् संध्याकाळी वापस आलो."

आता गुडघ्यांनी त्यांना घरातच बसवलंय. मी गेलो की आधी विचारतात, "रस्त्यात कोण भेटलं?" खरं तर बसमध्ये जो तो मोबाइलात मान घालून असतो, कुणी कुणाशी बोलत नाही. मग मीच एखादा माणूस रचतो, त्याला मूर्तिजापूरला बसमध्ये चढवतो आणि दोन-तीन मालक फिरवून आणतो. ताईला सगळं कळतं. ती चहा ठेवते आणि आत जाते. भाऊजी डोळे मिटून ऐकत असतात. मी जरा थांबलो, की त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर येतो.

"मंग?"