शांततेचा गजर

खिडकीशी बसून मी एक प्रोग्रॅम लिहीत होतो. त्याने दूरच्या सर्व्हरला किती ताण आहे ते सारखं विचारायचं आणि आकडा वाढला की गजर द्यायचा. आतल्या खोलीत आमची धाकटी मनू डबे आपटत होती. एकाएकी आवाज थांबला. मला बरं वाटलं. बायको मात्र कणकेच्या हातांनीच धावली.

"गप्प आहे म्हणजे काहीतरी चाललंय."

मनू अंगभर पावडर ओतून पांढरीशुभ्र बसली होती.

माझ्या सर्व्हरकडून आकडेच आले नसते, तर माझा गजर मात्र सुखाने झोपून राहिला असता. काळजी असली की शांतताही ऐकू येते. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: उत्तर आलं नाही, तरी वाज. आणि त्या ओळीकडे बघत बसलो.

स्वयंपाकघरातून हाक आली, "अरे, तू का गप्प?"